पर्समध्ये पिस्तूल ठेवा म्हणे! मावशीच्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या रविवारी रात्री साडेअकराला मावशीने आमच्या 'आजोळ' ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला. वर तीन लाल दिवे, खाली "प्रत्येक मुलीच्या आईवडिलांपर्यंत पोचवा". मी नेहमीसारखा न वाचता सोडून दिला असता, पण दहाच मिनिटांत सायलीचा मला वेगळा मेसेज, "ताई, हे निर्भीक ईएमआयवर मिळतं का गं?" सायली म्हणजे माझी मावसबहीण, वय २४, हिंजवडी फेज ३ ला सेकंड शिफ्ट करते, रात्री बाराच्या पुढे कॅबने वाकडला उतरते. निर्भीक म्हणजे रिवॉल्वर! आणि ती चेष्टा करत नव्हती, किंमत वगैरे शोधून ठेवली होती बाईने. मग मी तो फॉरवर्ड वाचला, दोनदा वाचला, आणि तेव्हापासून डोकं फिरलंय.

ज्यांच्याकडे अजून आला नसेल (येईल, थांबा) त्यांच्यासाठी थोडक्यात. म्हणे नवीन कायद्याने महिलांना ५०० ग्रॅमपर्यंतच्या पिस्तुलाला लायसन्स लागत नाही. रोज जवळ बाळगायला सगळ्यात भारी ग्लॉक १९ नाहीतर सिग पी३६५. ते पर्समध्ये ठेवा आणि गोळी चेंबरमध्ये भरूनच ठेवा (म्हणजे ट्रिगर दाबला की लगेच सुटेल अशी), कारण ऐनवेळी वेळ नसतो. सरकारनेच शस्त्र लपवून बाळगायला सांगितलंय. कलम २३३ नुसार हल्लेखोराला मारलं तर खून माफ. आणि हे काहीच जमत नसेल तर छर्‍याचं पिस्तूल घ्या, नुसतं दाखवलं तरी गुंड पळतात.

लायसन्सचं आधी उरकते. आर्म्स ॲक्ट १९५९, कलम ३: बंदूक, पिस्तूल, रिवॉल्वर किंवा त्याची काडतुसं जवळ ठेवायची तर परवाना पाहिजे. संपलं. त्यात वजन नाही, बाई-पुरुष नाही. २०१९ मध्ये कायदा बदलला हे खरंय, पण तो सैल नाही झाला, आवळला. एका माणसाला तीन शस्त्रं ठेवता यायची त्याची दोन केली आणि बिनपरवाना सापडलात तर शिक्षा वाढवली, आता कमीत कमी दोन वर्षं ते पाच वर्षं. ते ५०० ग्रॅम कुठून आलं असेल ते मला वाटतं मी सांगू शकते. २०१४ च्या जानेवारीत कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने 'निर्भीक' नावाचं .३२ बोअरचं (बोअर म्हणजे नळीचं माप) रिवॉल्वर काढलं, वजन ५०० ग्रॅम, किंमत तेव्हा १ लाख २२ हजारांच्या आसपास, आणि निर्भया प्रकरणानंतर 'महिलांसाठी हलकं रिवॉल्वर' अशा बातम्या सगळीकडे झाल्या. कुणीतरी त्यातून 'महिलांसाठी' उचललं, '५००' उचललं, आणि 'लायसन्स लागतं' हे वाक्य सोयीस्कर गाळलं. निर्भीकलाही लायसन्स लागतंच. सायलीबाई, ईएमआयचं नंतर बघू.

आणि लायसन्स म्हणजे ड्रायव्हिंग लायसन्स नव्हे की एजंटला पैसे दिले आणि आठ आकडा काढून दाखवला. वय २१ पूर्ण पाहिजे, ऑनलाइन अर्ज, मेडिकल, त्यात मानसिक तब्येतीचंही, शस्त्र सुरक्षित हाताळायच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट, मग जवळच्या पोलीस स्टेशनचा रिपोर्ट. पुणे शहरात पोलीस आयुक्त देतात, ग्रामीणला जिल्हाधिकारी, आणि सायलीचं वाकड-हिंजवडी २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात. तिथे तुम्हाला सांगावं लागतं की जिवाला नेमका धोका काय आणि कुणापासून. "रात्री उशीर होतो, भीती वाटते" हे कारण मला पटतं, तुम्हाला पटतं, पण तेवढ्यावर परवाना मिळेल अशी आशा धरू नका.

ग्लॉक आणि सिग. हा भाग कुठल्यातरी अमेरिकन लेखाचं भाषांतर आहे हे शेंबडं पोरगंही सांगेल. पिस्तुलं चांगली आहेत हो, त्याबद्दल वाद नाही. ग्लॉक १९ मध्ये १५ गोळ्यांचं मॅगझिन, सिग पी३६५ हे २०१८ ला आलेलं, अर्ध्या किलोच्या आसपास आणि तळहाताएवढं. तिथल्या लोकांना हा खराखुरा प्रश्न आहे, कारण तिथे अर्ध्याहून जास्त राज्यांत परमिट न काढताही पिस्तूल कपड्याखाली घालून फिरता येतं. मग ते लोक बसून काथ्याकूट करतात की लहान घेतलं तर लपतं पण मुठीत नीट मावत नाही, झटका जास्त बसतो आणि नेम चुकतो, मोठं घेतलं तर नेम सुधारतो पण शर्टाखालून दिसतं. त्यांचं त्यांच्याजागी बरोबर आहे. पण ही दोन्ही पिस्तुलं ९ एमएमची, आणि ९ एमएम आपल्याकडे प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे साध्या नागरिकाला नाहीच. ते सापडलं तर दोन ते पाच वर्षांवर भागत नाही, सात ते चौदा वर्षं आहेत. फॉरवर्ड लिहिणार्‍याने मुलींना सुरक्षित करायच्या नादात थेट येरवड्याचा रस्ता दाखवलाय. इथे लायसन्सवर मिळतं ते मुख्यतः .३२ किंवा .२२. म्हणजे निवड करायचीच तर निर्भीक, इशापूरचं छोटं .२२ चं निडर, .३२ चं अशनी पिस्तूल, नाहीतर २०२३ ला कानपूरहून आलेलं प्रबळ, ज्याचं वजन ७०० ग्रॅम आहे. बस, एवढ्याशा दुकानात फिरायचंय.

आता ज्या मुद्द्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले तो. पर्समध्ये ठेवा, गोळी भरून ठेवा.

सोमवारी रात्री मी सायलीकडे मुक्कामाला होते. ती आली, मी आतून मुद्दाम दार उघडलं नाही, म्हणलं तू किल्लीने उघड, बघू. आयहोलमधून बघत होते आणि मोबाइलवर वेळ लावली होती. पर्स खांद्यावरून पुढे घेतली, चेन उघडली, हात आत. टिफिनची पिशवी बाहेर. चार्जरची वायर कशाला तरी अडकली. छत्री. मग मोबाइल दातात धरून टॉर्च पाडला आत. किल्ली हातात यायला २६ सेकंद लागले. आपल्या स्वतःच्या दारासमोर, दिवा चालू, कुणी मागे लागलेलं नाही. आणि फॉरवर्ड म्हणतंय ऐनवेळी वेळ नसतो म्हणून पर्समध्ये ठेवा! शिवाय चोर पहिली काय ओढतो? पर्स. म्हणजे सव्वा लाखाचं भरलेलं हत्यार आपण त्याला हँडलसकट देणार.

हे झालं वेळेचं. त्याहून वाईट म्हणजे ते आत नुसतं पडून असताना काय होतं. फॉरवर्डमधल्याच ग्लॉकचं घ्या, त्याला बाजूला बोटाने सरकवायचा सेफ्टीचा खटका नसतो, सेफ्टी ट्रिगरमध्येच बसवलेली. ट्रिगर नीट मागे दाबला गेला की गोळी सुटते, दाबणारं बोट आहे का पेन आहे का किल्ल्यांचा जुडगा हे पिस्तुलाला कळत नाही. म्हणून तिकडचे ट्रेनर लोकही घसा फोडून सांगतात की ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, पाहिजे आणि पर्समध्ये ठेवायचंच तर वेगळ्या कप्प्यात, जिथे दुसरं काहीही नाही. आणि एवढं करूनही काय होतं ऐका. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत, आयडाहो राज्यात, एक बाई सुपरमार्केटमध्ये खरेदी करत होती, लायसन्सवाली, शस्त्रांची सवय असलेली, पर्स खास पिस्तूल ठेवायसाठी बनवलेली, चेनचा वेगळा कप्पा असलेली. ट्रॉलीत तिचा दोन वर्षांचा मुलगा बसला होता. त्याने चेन उघडली, पिस्तूल हाताला लागलं, गोळी सुटली, आई जागीच गेली. दोन वर्षांचा मुलगा. मावशीच्या घरी शंतनूची आर्या आहे, दीड वर्षाची, ती घरी आलेल्या प्रत्येक बाईची पर्स आधी उपडी करते, आणि मावशी कौतुकाने सांगते, "लिपस्टिक बरोब्बर शोधते गं!"

पिस्तूल रोज अंगावर बाळगणं म्हणजे काय ते मी मामांना फोन करून विचारलं. मामांचा सासवडकडे पेट्रोल पंप आहे, रोजची कॅश बँकेत न्यायची म्हणून १९९८ पासून .३२ च्या रिवॉल्वरचं लायसन्स. ते जुनं, बॅरल खाली मोडून उघडायचं मॉडेल, सहा गोळ्या. मी लहानपणापासून बघतेय, लग्नाच्या पंगतीत मे महिन्यात सगळे घामाने निथळत असतात आणि मामा सफारीचा कोट काढत नाहीत. आम्हाला वाटायचं स्टाइल मारतायत. ते म्हणाले, "अगं, कंबरेला बांधलं की पहिले सहा महिने हात सारखा तिथेच जातो. ज्याला कळायचं त्याला न सांगता कळतं. आणि हायवेला टॉयलेटला गेलं की ते ठेवायचं कुठे, हा प्रश्न तुझ्या त्या मेसेजमधे लिहिलाय का?" नाही लिहिलेला. गर्दीत कुणी धक्का मारला तर आधी कंबर सांभाळायची, कुणाशी पार्किंगवरून वाजलं तर आपण गप बसायचं, कारण अंगावर हत्यार आहे. दरवेळी आचारसंहिता लागली की पोलीस स्टेशनला जमा करायची नोटीस, निवडणूक झाली की परत आणायचं. गोळ्याही लायसन्सवर लिहिल्यात तेवढ्याच, आणि त्यांचा हिशोब. इतक्या वर्षांत तुम्ही नेम धरून किती वेळा उडवलं असं मी विचारलं तर हसले, "चाळीस गोळ्या असतील, त्यातल्या दहा नदीकाठच्या मातीत." आता ते तिजोरीत असतं आणि कॅश न्यायला गाडी येते.

चाळीस गोळ्या. राही सरनोबतने २०१८ ला एशियाडमधे २५ मीटर पिस्तूलचं सुवर्ण घेतलं, तिथे टार्गेट जागेवर उभं असतं, अंगावर धावून येत नाही, आणि तरी त्यामागे वर्षानुवर्षांची रोजची प्रॅक्टिस आहे. सायलीने बालेवाडीची शूटिंग रेंज फक्त कॅबच्या खिडकीतून बघितलीय.

बरं, एक गोष्ट मान्य करावी लागेल, नाइलाजाने. 'सरकारनेच लपवून बाळगायला सांगितलंय' हे ऐकून मी आधी हसले होते, पण आर्म्स रूल्स २०१६ काढून बघितले तर नियम ३२ मध्ये खरंच आहे की सार्वजनिक ठिकाणी हँडगन न्यायची तर अंगावरच्या होल्स्टरमध्ये किंवा तशा पिशवीत, आणि ती पूर्ण झाकलेली पाहिजे. तर अर्धं बरोबर. पण हे सगळं लायसन्स असलेल्याला, आणि त्याच वाक्यात पुढे म्हणलंय की शस्त्रावर त्या माणसाचा पूर्ण ताबा पाहिजे. टिफिन आणि छत्रीच्या खाली पडलेल्या वस्तूवर ताबा असतो का, २६ सेकंद आठवा. आणि त्याच नियमात सार्वजनिक ठिकाणी शस्त्र नाचवायला सक्त बंदी. २०२४ च्या जुलैमध्ये व्हायरल झालेला मुळशीतला तो शेतकर्‍याला पिस्तूल दाखवतानाचा व्हिडिओ सगळ्यांनी चवीने बघितलाय ना? गोळी सुटली नव्हती, तरी गुन्हा, अटक, पिस्तूल जप्त, सगळं झालं.

कलम २३३. हा फॉरवर्ड मी कॉलेजला होते तेव्हापासून जिवंत आहे, तेव्हा आयपीसी २३३ म्हणून फिरायचा. आयपीसी २३३ काय होतं सांगू? खोटी नाणी पाडायची हत्यारं बनवणं. नाणी! १ जुलै २०२४ पासून आयपीसी गेला, भारतीय न्याय संहिता आली, तर त्यातलं २३३ आहे खोटा आहे हे माहीत असताना पुरावा वापरणं. म्हणजे कलम स्वतःच फॉरवर्डबद्दल बोलतंय. स्वसंरक्षणाचा हक्क आहे, नक्की आहे, न्याय संहितेत कलम ३४ पासून ४४ पर्यंत. ३८ व्या कलमात बलात्काराचा हल्ला, अपहरण, ॲसिड फेकणं, जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी भीती, अशा वेळी समोरचा मेला तरी तो हक्क लागू होतो. पण त्याच्या आधीचं ३७ सांगतं की गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही, आणि पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. आणि हे सगळं तुम्हाला कोर्टात उभं राहून दाखवून द्यावं लागतं. 'खून माफ' अशी पाटी कुठेही नाही. त्यातून सुटलात तरी बिनपरवाना पिस्तुलाची केस वेगळी चालूच.

छर्‍याच्या पिस्तुलाला लायसन्स लागत नाही हे खरंय, नळी ४.५ एमएम आणि छर्‍याची ताकद २० ज्यूलच्या आत असेल तर. पण ते दाखवायचं कुणाला? समोरच्याकडे कोयता असला तर तो थांबून ज्यूल मोजणार नाही, आणि समोरच्याकडे काहीच नसलं तर तुम्ही रस्त्यात पिस्तूल काढलं म्हणून ११२ ला फोन तोच करेल. या मुद्द्यावर मी याहून जास्त लिहिणार नाही.

सायलीने लॅचची किल्ली पर्समधून काढून जीन्सच्या खिशात ठेवायला सुरुवात केलीय, एवढं झालं. मिरचीचा स्प्रे पण खिशातच. मावशी, तू हे वाचत असशील तर आता 'डिलीट फॉर एव्हरीवन' होत नाही, वेळ गेली, पण निदान खाली "हे खोटं आहे" एवढं टाइप कर. बंडूकाकाने ते ऑलरेडी त्याच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय आणि तिथे कुणीतरी विचारलंय की दिवाळीत डिस्काउंट असतो का.