नेसीला खायला काय घालणार?

स्कॉटलंडच्या लॉख नेस तलावात राहतो असं म्हटला जाणारा राक्षसी प्राणी, म्हणजे ‘नेसी’, दर काही वर्षांनी आपल्या मोबाइलवर डोकं वर काढते. तिच्याबद्दल फिरणाऱ्या मजकुराचा आशय साधारण असा असतो: नेसी असू शकते हे ब्रिटनच्या शास्त्रज्ञांनी अखेर मान्य केलं, सहाव्या शतकापासून लोक तिला पाहत आलेत, तिचा फोटो आहे, एवढी माणसं खोटं कशाला बोलतील, तलाव इतका खोल आहे की ती सहज लपू शकते, आणि नामशेष समजला गेलेला सीलाकांथ मासा सापडला, तशी तीही सापडेल. हे मुद्दे मी माझ्या क्रमाने घेतो, सगळ्यात कच्चा आधी.

“तिचा फोटो आहे.” लांब मान वर काढलेला तो काळपट फोटो २१ एप्रिल १९३४ रोजी लंडनच्या ‘डेली मेल’ने छापला. तो काढल्याचं श्रेय रॉबर्ट केनेथ विल्सन या प्रतिष्ठित डॉक्टरकडे होतं, त्यामुळे फोटोला भलतंच वजन आलं. करामत मात्र मार्माड्यूक वेदरेल नावाच्या शिकाऱ्याची. आदल्या डिसेंबरात याच वर्तमानपत्राने त्याला नेसीच्या शोधावर धाडलं होतं. त्याने काठावर पावलांचे ठसेही शोधून दाखवले, पण ते पाणघोड्याच्या वाळवलेल्या पायाने उमटवलेले निघाले आणि त्याची नाचक्की झाली. पुढचं त्याच्या सावत्र मुलाने, ख्रिश्चन स्पर्लिंगने, म्हातारपणी कबूल केलं आणि १९९४ मध्ये ते जगजाहीर झालं. खेळण्यातली पाणबुडी, तिच्यावर बसवलेली हाताने घडवलेली मान, बस्स. न कापलेला मूळ फोटो पाहिला तर भोवतालच्या लाटांवरूनच कळतं की ही वस्तू जेमतेम फूटभर उंच आहे. तरीही प्रत्येक फॉरवर्डवर हाच फोटो.

“सहाव्या शतकापासून लोक पाहत आलेत.” आधार आहे संत कोलंबा यांच्या चरित्राचा. कोलंबा ५९७ मध्ये वारले. चरित्र अ‍ॅडॉम्नान या मठाधिपतीने त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी लिहिलं. त्यातला प्राणी नेस नदीत आहे, तलावात नाही. संत आज्ञा करतात आणि तो पळ काढतो. त्याच ग्रंथात संतांच्या नुसत्या शब्दाने रानडुक्करही मरून पडतं. आपल्याकडच्या संतचरित्रांत असे चमत्कार ढिगाने आहेत, पण कुणी त्यांच्यावरून प्राणिशास्त्र रचत नाही.

आजची नेसी १९३३ ची. त्या वर्षी २ मे रोजी ‘इन्व्हरनेस कुरिअर’ने एक बातमी दिली, त्यात देवमाशासारखं अंग पाण्यात लोळताना दिसल्याचं वर्णन होतं. लांब मानेचा त्यात पत्ता नाही! ती मान आली त्याच उन्हाळ्यात, मोटारीतून जाणाऱ्या लंडनच्या एका जोडप्याच्या हकिगतीतून. ‘किंग काँग’ हा चित्रपट वसंतातच लंडनला लागलेला होता आणि त्यात तळ्यातून वर येणारा लांब मानेचा डायनासोर आहे. या जोडप्यावर त्याचा परिणाम झाला असं सिद्ध करता येत नाही. पण पूर्वापार चालत आलेल्या प्राण्याचा आकार एका उन्हाळ्यात बदलावा, हे मला तरी पटत नाही.

“एवढी माणसं खोटं कशाला बोलतील?” बहुतेक जण खोटं बोलत नाहीतच. नेसीची टिंगल करणारे इथेच चुकतात. लोकांना खरोखर काहीतरी दिसतं, आणि ते का दिसतं हे समजायला त्या तलावाची ठेवण पाहावी लागते.

लॉख नेस सुमारे ३७ किलोमीटर लांब, अरुंद आणि जवळजवळ सरळ रेषेत आहे; त्याचे काठ तीव्र उताराचे. १८२२ पासून तो कॅलेडोनियन कालव्याचा भाग आहे, म्हणजे त्यातून सतत बोटी जातात. बोटीमागे उठलेल्या लाटा काठांवर आपटून परततात, एकमेकींना छेदतात आणि बोट नजरेआड गेल्यावरही शांत पाण्यावर ओळीने काळे उंचवटे उमटतात. पाहणाऱ्याला तीन-चार वशिंडं एका रांगेत पुढे सरकताना दिसतात. बोट तर कुठेच नसते!

दुसरी गंमत वाऱ्याची. उन्हाळ्यात वरचं कोमट पाणी खालच्या गार पाण्यावर थरासारखं राहतं. जोराचा वारा हा थर एका टोकाला ढकलतो. वारा पडला की दोन्ही थर हेलकावे घेऊ लागतात. पृष्ठभाग शांत दिसतो, पण आत प्रवाह असतो आणि त्याने एखादा ओंडका वाऱ्याच्या उलट दिशेने निघतो. हे हेलकावे स्कॉटिश संशोधकांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच याच तलावात मोजले होते, म्हणजे नेसीच्या बातम्यांच्या कितीतरी आधी. यात पोहणारी हरणं, पाणकावळे आणि नदीतून क्वचित वर येणारे सील मिळवा. उघड्या पाण्यावर मापाला शेजारी काहीच नसल्याने जवळचा पाणकावळा लांबचा राक्षस वाटणं अगदी सोपं आहे.

“इतका खोल तलाव, लपायला जागाच जागा.” जागा आहे, कबूल. खोली सुमारे २३० मीटर आणि पाणी ७.४ घन किलोमीटर. आपल्या हिशेबात सुमारे २६० टीएमसी, म्हणजे जवळपास अडीच कोयना. शिवाय पाण्यात पीटचा (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीचा) काळपटपणा इतका की काही मीटरच्या खाली अंधारच. पण हाच अंधार नेसीच्या मुळावर येतो. ऊन आत जात नाही, पोषक द्रव्यंही कमी, म्हणून शेवाळ कमी. शेवाळ कमी म्हणून त्यावर जगणारे सूक्ष्म जीव कमी आणि पर्यायाने मासेही कमी. या अवाढव्य तलावात सगळे मिळून सुमारे २० टन मासे असावेत असा अंदाज आहे. शिकाऱ्यांचं एकूण वजन भक्ष्याच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढंच टिकू शकतं, हा पर्यावरणशास्त्रातला ढोबळ नियम. म्हणजे नेसीच्या अख्ख्या कुळासाठी २ टन.

कुळ म्हणायचं कारण, एकटी नेसी शतकानुशतकं जगणार नाही. जात टिकायला पिढ्या हव्यात. अगदी हात आखडून वीसच प्राणी धरले तरी प्रत्येकाच्या वाट्याला १०० किलो येतात. एवढं वजन मोठ्या सीलचंही असतं. ट्रकएवढी नेसी हवी तर ती एकुलती एक हवी, आणि मग तिचे आईबाप कोण? तिला हवेत श्वास घेणारा सरपटणारा प्राणी मानलं, तर वीसही जणांना दिवसातून कित्येकदा वर यावं लागेल, तेही पर्यटकांनी गजबजलेल्या तलावात. शोधही कमी झालेले नाहीत. २००३ मध्ये बीबीसीने ६०० सोनार किरणांनी (आवाजाच्या लहरी सोडून पाण्याखालच्या वस्तू शोधणाऱ्या यंत्राने) तलाव पिंजून काढला आणि हाती काही लागलं नाही. सोनारवर दिसलेली लांब मानेची ‘नेसी’ म्हणून २०१६ ची एक प्रतिमा फिरते. ती १९६९ मध्ये शेरलॉक होम्सवरच्या चित्रपटाच्या चित्रीकरणात बुडालेली नकली नेसी आहे.

“शास्त्रज्ञांनी मान्य केलं.” हा मुद्दा २०२२ चा. बाथ विद्यापीठाच्या संशोधकांना मोरोक्कोतल्या सुमारे १० कोटी वर्षं जुन्या नदीच्या गाळात लहान प्लेसिओसॉरची हाडं मिळाली. हे लांब मानेचे समुद्री सरीसृप गोड्या पाण्यातही राहत असावेत, एवढाच निष्कर्ष. विद्यापीठाच्या निवेदनात नेसी एका अर्थी शक्य कोटीतली वाटते असं गमतीने म्हटलं होतं. लगेच पुढे हेही होतं की शेवटचे प्लेसिओसॉर ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी संपले. मथळे देणाऱ्यांनी पहिलं वाक्य उचललं आणि दुसरं सोडलं. त्यातही लॉख नेस सुमारे १०,००० वर्षांपूर्वीपर्यंत हिमनदीच्या बर्फाखाली होता. तिथे कुणी लपून राहिलं नाही. जे आलं ते नंतर, इन्व्हरनेस शहरातून वाहणाऱ्या छोट्या, उथळ नदीतून चढून.

“सीलाकांथही सापडला.” सापडला, १९३८ मध्ये, दक्षिण आफ्रिकेजवळच्या समुद्रात. तो खोल समुद्रात राहणारा मासा आहे. त्याला हवेसाठी वर यावं लागत नाही, आणि हिंद महासागर म्हणजे ५६ चौरस किलोमीटरचं तळं नव्हे.

आता नवा पाठभेद आला आहे: नेसी म्हणजे राक्षसी वाम. २०१८ मध्ये जनुकशास्त्रज्ञ नील गेमेल यांच्या पथकाने तलावातल्या पाण्याचे सुमारे २५० नमुने घेऊन त्यांतला डीएनए तपासला. सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस मिळाला नाही, वाम माशाचा मात्र भरपूर मिळाला. पण डीएनएवरून वाम कोणती हे कळतं, केवढी हे कळत नाही. पकडलेल्या वामींच्या मापांवरून २०२३ मध्ये हिशेब झाला, त्यात एक मीटर लांबीची वाम मिळण्याची शक्यता ५०,००० मध्ये एक निघाली. सहा मीटरच्या वामीची शक्यता जवळपास शून्य.