आकडे टाकता, मग परिस्थितीही सांगा!

कुणीतरी परत एक तक्ता पाठवलाय: लिनक्सवर ओपनसीएल (ग्राफिक्स कार्डाकडून आकडेमोड करून घ्यायची पद्धत), एक ड्रायव्हर दुसऱ्याच्या दुप्पट वेगवान. बास, एवढंच. ड्रायव्हरची आवृत्ती नाही, कार्डाचा क्लॉक, म्हणजे चालण्याचा वेग, नाही. डोकं फिरतं अक्षरशः!

अरे, एनव्हिडियाच्या जीटीएक्स १०६० कार्डावर नूवो हा मुक्त ड्रायव्हर चालवला तर तो हरणारच. त्या पिढीच्या कार्डांचा क्लॉक वाढवायला एनव्हिडियाच्या सहीचं फर्मवेअर (कार्डातच चालणारा छोटा प्रोग्रॅम) लागतं, ते नूवोला मिळालेलंच नाही. कार्ड सुरू होतानाच्या मंद वेगावर अडकून राहतं. यात ड्रायव्हर लिहिणाऱ्यांचा काय दोष? रस्टिकलचंही (मेसा या मुक्त ड्रायव्हरसंचातल्या ओपनसीएलचंही) तेच. मेसामध्ये ते २०२२ साली आलं, पण त्याचं एनव्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रॅम सुरू करताना द्यायची सेटिंग) दिलं नाही तर बऱ्याचदा कार्ड दिसतच नाही. मग पॉकल (मुख्यतः सीपीयूवर चालणारं ओपनसीएल) बसवलेलं असेल तर प्रोग्रॅम गुपचूप तेच धरतो, सगळं काम सीपीयूवर होतं, आणि तो आकडा कार्डाच्या नावावर खपवला जातो. आधी सीएलइन्फो (ओपनसीएलला कोणती उपकरणं दिसतात ते दाखवणारा प्रोग्रॅम) चालवून बघायला असा किती वेळ लागतो?

आणि आपल्या खानदेशातलं ऊन तर कुणी हिशेबातच धरत नाही. भुसावळला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. एका ड्रायव्हरची चाचणी पहाटे, दुसऱ्याची भर दुपारी पत्र्याच्या खोलीत! कार्ड तापलं की स्वतःच क्लॉक खाली आणतं. तो फरक उन्हाचा, ड्रायव्हरचा नव्हे. असल्या तक्त्यांवर विसंबून जळगाव-धुळ्याची पोरं घामाचा पैसा घालून जुनी कार्डं घेतात हो. निदान पहिली फेरी तरी मोजू नका, तिच्यात प्रोग्रॅम कंपाइल होण्याचा, म्हणजे कार्डाच्या भाषेत उतरण्याचा, वेळ असतो.