पासवर्डने वर्ग सुरक्षित होत नाही, बाई

नमस्कार बाई,

गोव्यातल्या वाळपईहून इतकं सविस्तर लिहिलंत, आभार. ऑनलाइन वर्गाला पासवर्ड असताना वेटिंग रूमचा, म्हणजे बाईंनी आत घेईपर्यंत मुलांना बाहेर थांबवण्याचा, खटाटोप कशाला, असं तुम्ही विचारलंत. तुमच्या सत्तरी तालुक्यात नेट सारखं तुटतं, बाहेर फेकल्या गेलेल्या मुलांना पुन्हा आत घेण्यातच तास जातो, अशी तक्रार केलीत. आणि कॅमेऱ्याची सक्ती नको म्हणणारे लोक मुलांना लोळायला मोकळीक देतात, पालकांना उगाच घाबरवतात, असंही म्हणालात.

आधी पासवर्डचं. पासवर्ड अनोळखी माणसाला अडवतो, पण ऑनलाइन वर्गात घुसून धिंगाणा घालणाऱ्याला बहुतेक वेळा वर्गातल्याच कुणीतरी बोलावलेलं असतं. बोस्टन आणि बिंगहॅम्टन विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० मधली अशी जाहीर आमंत्रणं तपासली, तेव्हा बहुतेक आमंत्रणं आतल्याच लोकांची, विशेषतः शाळा-कॉलेजातल्या मुलांची निघाली. लिंक, पासवर्ड सगळं तेच पुरवत होते. वर्गातल्या खऱ्या मुलाचं नाव लावून आत या, असंही काही जण सुचवत होते. म्हणजे नुसत्या वेटिंग रूमनेही भागत नाही, तिथे तुमची शंका रास्त आहे. त्या संशोधकांच्या मते खरा उपाय एकच, प्रत्येक मुलासाठी वेगळी लिंक. सगळ्यांना एकच लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की ती कुठे कुठे फिरेल यावर आपला ताबा उरत नाही. वर्षभर तीच लिंक ठेवली तर गेल्या वर्षीची मुलंही आत येऊ शकतात.

नेट तुटण्याची तुमची अडचण शंभर टक्के खरी. २०२० मध्ये सत्तरी-सांगे तालुक्यांतली मुलं नेटवर्कसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच गावातल्या शाळेने झूमवरची मीटिंग 'लॉक' करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्ये काढलेल्या सूचनांमध्ये लॉक होतं, पण लॉक केल्यावर नेट गेलेलं पोर परत येऊच शकत नाही. त्यापेक्षा शाळेने गूगलचं शैक्षणिक खातं घ्यावं, त्याची मूळ आवृत्ती शाळांना मोफत मिळते. त्यातल्या 'क्लासरूम'मध्ये वर्गाचा पट असतो आणि 'मीट' या व्हिडिओ-वर्गाची लिंक असते. त्या लिंकवर पटावरची मुलं आपापल्या खात्याने थेट आत येतात, बाकीच्यांना परवानगी मागावी लागते. नेट दहा वेळा तुटलं तरी बाईंना दहा वेळा दार उघडावं लागत नाही.

आता कॅमेरा. एका खोलीच्या घरात मागे आजोबा झोपलेत, आई स्वयंपाक करतेय, कुणी कपडे बदलायला आत येतंय. हे सगळं चाळीस घरांत दिसावं, असं त्या आईला कुणी विचारलंय का? पार्श्वभूमी धूसर करायची सोय जुन्या फोनवर धड चालत नाही. शिवाय व्हिडिओच सगळ्यात जास्त डेटा खातो, म्हणजे कॅमेऱ्याच्या सक्तीने तुमचंच नेट आणखी रडतं. हजेरीपुरता दोन मिनिटं कॅमेरा चालू, नंतर बंद, आणि मधूनमधून नाव घेऊन प्रश्न. मूल जागं आहे की नाही हे चेहऱ्यापेक्षा उत्तरावरून लवकर कळतं.

रेकॉर्डिंगबद्दल मी कडकच राहीन. करायचंच असेल तर फळा आणि शिक्षकाचा आवाज एवढंच, मुलांचे चेहरे नकोत. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या सगळ्यांना मूल मानलंय. शाळांना त्यात काही सवलती असल्या, तरी चेहऱ्यांची फाईल कुणाच्या तरी खासगी फोनवर पडून राहावी हे मला पटत नाही. यात शिक्षिकांचाही प्रश्न आहे. शिकवताना काढलेल्या स्क्रीनशॉटची स्टिकर बनवून फिरवली जातात, आणि ती बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मुलांसमोर उभी राहते. वर्गाचा फोटो काढणार नाही, हे पालकांकडून वर्षाच्या सुरुवातीलाच लिहून घ्या.

राहिली भीती. मी घाबरवत नाही, आयत्या वेळी काय करायचं ते आधी ठरवा म्हणतोय. पडद्यावर घाणेरडं काही आलं तर एकेकाला शोधत बसू नका, वर्गच बंद करा. पुरावा म्हणून ते चित्र ग्रुपवर मुळीच पाठवू नका, त्यात लहान मूल असेल तर ते पुढे पाठवणंही गुन्हा आहे. वेळ, वापरलेलं नाव आणि मीटिंगचा क्रमांक लिहून ठेवा, मुख्याध्यापकांना सांगा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. त्याच संध्याकाळी पालकांना फोन करून काय घडलं ते सरळ सांगा, म्हणजे घाबरलेल्या मुलाशी घरी कुणीतरी बोलेल.