मधुमेह आणि डोळे: स्पष्ट दिसतंय म्हणून तपासणी टाळू नका

मधुमेहाबद्दलचा एक संदेश व्हॉट्सअ‍ॅपवर सारखा फिरतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: स्पष्ट दिसत असेल तर डोळे तपासायची गरज नाही, धूसर दिसलं तर चष्म्याचा नंबर बदलावा, लेझर आणि डोळ्यातल्या इंजेक्शनने उरलीसुरली नजर जाते, आणि शुगर आटोक्यात आली की डोळ्याचा पडदा (रेटिना) आपोआप सुधारतो. हे ऐकून लोक उपचार लांबवतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

‘स्पष्ट दिसतंय, मग तपासणी कशाला?’ वाढलेल्या साखरेने पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या कमकुवत होतात. त्यांना फुगवटे येतात, रक्त आणि चरबीयुक्त द्रव झिरपतो. वाचायला, चेहरा ओळखायला लागते ती पडद्याच्या मध्यावरची छोटी जागा, मॅक्युला. बिघाड तिथे पोचत नाही तोवर तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. पडद्यावर नाजूक नव्या रक्तवाहिन्या उगवलेल्या असतानासुद्धा नजर ६/६, म्हणजे अगदी चांगली, असू शकते, आणि त्यातली एक फाटली की डोळ्यात रक्त पसरून एका दिवसात अंधारून येतं.

म्हणून टाइप २ मध्ये निदान होताच पडदा तपासायचा, कारण साखर त्याआधी कित्येक वर्षं गुपचूप वाढलेली असू शकते. टाइप १ मध्ये निदानापासून पाच वर्षांच्या आत. पुढे दोघांनीही दरवर्षी. आधीपासून मधुमेह असलेल्या बाईने गरोदरपणी पहिल्या तीन महिन्यांत. पडदा नीट पाहायचा तर थेंब घालून बाहुली मोठी करतात, त्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पुढचे चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं, उजेड खुपतो. दुचाकी चालवत जाऊ नका, गॉगल न्या. चष्म्याच्या दुकानातली नंबराची तपासणी म्हणजे पडद्याची तपासणी नव्हे.

‘धूसर दिसलं तर नंबर बदला.’ शुगर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर खरोखरच बदलतो. पण तो टिकत नाही. शुगर महिना-दीड महिना स्थिर राहिल्यावरच नवा चष्मा करावा, नाहीतर पैसे वाया. मात्र एकेक डोळा झाकून पाहताना दाराची चौकट वाकडी दिसली किंवा अक्षराचा मधलाच भाग गायब वाटला, तर मॅक्युलाला सूज असू शकते. ती ओसीटी तपासणीत (यात पडद्याच्या थरांचं चित्र काढतात) दिसते, चष्म्याने जात नाही.

‘लेझर-इंजेक्शनने नजर जाते.’ या मुद्द्याने सर्वांत जास्त नुकसान होतं. रुग्ण येतो तेव्हा पडदा बराच खराब झालेला असतो. उपचारानंतर नजर उतरली की दोष लेझरला. लेझर गेलेली नजर परत आणत नाही, असलेली राखतं. पडद्याच्या कडेच्या भागावर साधारण १२०० ते १६०० ठिपके देतात, त्याने नव्या रक्तवाहिन्या आक्रसतात. अमेरिकेत १९७०च्या दशकात झालेल्या मोठ्या अभ्यासात गंभीर दृष्टिनाशाचं प्रमाण लेझरने निम्म्याहून कमी झालं. त्याची किंमतही आहे: रात्रीचं आणि बाजूचं दिसणं थोडं कमी होतं. डॉक्टरांनी हे आधी सांगायलाच हवं.

मॅक्युलाच्या सुजेवर इंजेक्शन असतं. डोळा बधिर करून, पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकाने धुऊन, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे जेमतेम ०.०५ मिली औषध सोडतात. जंतुसंसर्ग हजारो इंजेक्शनांत एखाद्यालाच होतो, पण पुढच्या काही दिवसांत डोळा दुखला, लालबुंद झाला, दिसणं उतरलं तर त्याच दिवशी जायचं. खरी चूक वेगळीच होते: दोन इंजेक्शनांनी बरं वाटलं की रुग्ण येणं थांबवतो. सुरुवातीला ती दर महिन्याला लागतात. मध्येच सोडली तर सूज परतते.

‘शुगर आवरली की पडदा सुधारतो.’ अर्धं खरं. १९९३ साली आलेल्या डीसीसीटी अभ्यासात टाइप १च्या रुग्णांनी साखर काटेकोर ठेवल्यावर पडद्याचा आजार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. पण उगवलेल्या नव्या रक्तवाहिन्या नुसत्या साखरेच्या नियंत्रणाने जातील, या भरवशावर राहता येत नाही. शिवाय फार वाढलेलं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) झपाट्याने उतरवलं तर पहिल्या वर्षात पडदा तात्पुरता आणखी बिघडू शकतो. म्हणून इन्सुलिन सुरू करण्याआधी पडदा दाखवा; साखर उतरवणं मात्र टाळू नका. बीपीही तितकंच सांभाळा.

डोळ्यात रक्त उतरलं म्हणून हृदयाची अ‍ॅस्पिरिन स्वतःहून बंद करणारेही बरेच आहेत. अ‍ॅस्पिरिनने हा रक्तस्राव वाढत नाही, हे अभ्यासात तपासलेलं आहे. गोळी डॉक्टरांना विचारूनच थांबवा.

अचानक काळे धागे, जाळी तरंगताना दिसली, वीज चमकल्यासारखं झालं किंवा एका बाजूने अंधार सरकत आला, तर त्याच दिवशी रेटिना तज्ज्ञ गाठा. रक्त उतरलंय असं त्यांनी सांगितलं तर रात्री दोन-तीन उशा घेऊन डोकं उंच ठेवून झोपा, म्हणजे रक्त खाली बसतं आणि पडदा पाहून लेझर करता येतं.