अर्धंच खरं
मस्कॅडाइन म्हणजे अमेरिकेच्या आग्नेय भागातली द्राक्षं; त्यांच्या वाइनला एका लेखात 'सरबतासारखी गोड' म्हटलंय, ते अर्धंच खरं. या द्राक्षांच्या रसात साखर कमी, आंबटपणा जास्त. म्हणून वरून साखर घालतात. किती, तो ज्याचा त्याचा हात! मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. सप्टेंबरात मळ्यात जाऊन स्कपरनाँग, म्हणजे त्यातली तांबूस-सोनेरी जात, तोडून आणतो. मोठे घड नसतातच, पिकेल तसा एकेक दाणा वेचायचा, करवंदांसारखा. चुरडताना हातमोजे घाला, आम्लाने हात चुरचुरतात (पहिल्या वर्षी रात्रभर खोबरेल चोळत बसलो होतो). कमी गोडीची बाटली थंडगार करून चाखा: आधी पिकल्या फळाचा घमघमाट, मागून जाड सालीचा तुरटपणा. नाशिकच्या वाइनची चव डोक्यात ठेवून प्यालात तर मात्र तोंड वाकडं होईल.