‘पासवर्ड मजबूत आहे, मग घाई कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

नेटवर्क सांभाळणाऱ्यांच्या गटांत एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : फायरवॉल किंवा राउटरच्या मॅनेजमेंट इंटरफेसमध्ये (उपकरणाची सेटिंग बदलण्याच्या पानात) ऑथेंटिकेशन बायपास (ओळख न पटवताच आत शिरू देणारी त्रुटी) सापडला तरी घाबरू नका, अ‍ॅडमिनचा पासवर्ड लांबलचक असेल, दुहेरी पडताळणी चालू असेल, पोर्ट बदललेला असेल आणि इंटरफेस आतल्या नेटवर्कवर असेल, तर पुढच्या मेंटेनन्स विंडोत (देखभालीसाठी आधीच ठरवलेल्या वेळेत) पॅच (दुरुस्तीचे अपडेट) टाकून उपकरण रीस्टार्ट केले की विषय संपला. यातली प्रत्येक सूचना सुटी पाहिली तर शहाणपणाची वाटते. बायपासच्या बाबतीत मात्र त्यातल्या बहुतेक गैरलागू ठरतात.

पहिला मुद्दा पासवर्डचा. नोव्हेंबर २०२४ मध्ये उघड झालेल्या पालो आल्टो कंपनीच्या फायरवॉलवरील पॅन-ओएस या प्रणालीतील त्रुटीत काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. ‘या विनंतीची ओळख तपासायची की नाही’ हे उपकरणातला एक घटक दुसऱ्याला एका एचटीटीपी हेडरमधून (वेब विनंतीसोबत जाणाऱ्या माहितीच्या ओळीतून) सांगत असे, आणि तोच हेडर बाहेरून ‘ऑफ’ असे मूल्य घालून पाठवला, तर काही मार्गांवर तो जसाच्या तसा स्वीकारला जाई. ऑक्टोबर २०२२ मधील फोर्टिनेट कंपनीच्या फायरवॉलवरील फोर्टिओएस या प्रणालीच्या त्रुटीत विनंती जणू उपकरणाच्या आतूनच आली आहे असे हेडरमधून भासवले जाई, आणि मग अ‍ॅडमिन खात्याला स्वतःची एसएसएच की (पासवर्डविना दूरस्थ प्रवेश देणारी डिजिटल किल्ली) जोडणेही हल्लेखोराला शक्य होई. दोन्ही ठिकाणी कोणी पासवर्ड विचारला नाही आणि ओटीपीही मागितला नाही. तेव्हा पासवर्ड आठ अक्षरी असो वा ऐंशी अक्षरी, फरक शून्य. याच गैरसमजाची दुसरी बाजू म्हणजे ‘लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनची एकही नोंद नाही, म्हणजे कोणी आलेले नाही’ हा निष्कर्ष. लॉगिनचा प्रयत्नच झालेला नसताना तो फसल्याची नोंद येणार कुठून?

पोर्ट बदलण्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण सगळे पोर्ट चाळणाऱ्या स्कॅनरला लॉगिनचे पान कोणत्या क्रमांकावर आहे याने काही अडत नाही.

‘इंटरफेस आत आहे’ हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. प्रवेश मोजक्या विश्वासू पत्त्यांपुरता मर्यादित केला तर धोका बराच उतरतो, हे उत्पादक कंपन्याही सांगतात. प्रश्न एवढाच की ‘आत’ म्हणजे नेमके कुठे? कार्यालयातला प्रत्येक लॅपटॉप आणि व्हीपीएनने जोडलेला प्रत्येक वापरकर्ता तिथवर पोहोचू शकत असेल, तर एका लॅपटॉपमध्ये शिरलेला हल्लेखोरही पोहोचतो. शिवाय बाहेरच्या इंटरफेसवर पिंग चालावे म्हणून सेटिंग उघडताना शेजारच्या एचटीटीपीएसच्या चौकटीतही खूण करून ठेवलेली आढळते. त्यामुळे ‘आमचा इंटरफेस बाहेर नाही’ हे वाक्य बाहेरून तपासून पाहिल्याशिवाय उच्चारू नये.

मेंटेनन्स विंडोची वाट पाहण्याचा सल्ला सर्वांत घातक आहे. सिस्कोच्या राउटर-स्विचवरील आयओएस एक्सई प्रणालीतील वेब यूआयची (ब्राउझरमधून चालणाऱ्या मॅनेजमेंट इंटरफेसची) त्रुटी १६ ऑक्टोबर २०२३ रोजी जाहीर झाली, तेव्हा हल्ले आधीच सुरू होते आणि दुरुस्त आवृत्ती यायला आणखी काही दिवस लागले. त्या काळात सांगितलेला उपाय हा वेब यूआय पुरवणारा एचटीटीपी सर्व्हर बंद करण्याचा होता. अशा उपायाने उपकरणातून जाणारी सर्वसाधारण रहदारी थांबत नाही. त्या सर्व्हरवर दुसरी एखादी सेवा अवलंबून नाही ना, एवढे पाहून तो भर दुपारीही करता येतो.

राहिला रीस्टार्टचा मुद्दा. सिस्कोच्या त्या प्रकरणात हल्लेखोरांनी बसवलेला छुपा प्रोग्राम रीस्टार्टनंतर टिकत नसे, पण त्यांनी तयार केलेले लेव्हल १५ चे स्थानिक खाते टिकत असे. म्हणजे रीस्टार्टने मेमरीतला पुरावा पुसला जाई आणि पूर्ण अधिकारांचे खाते मात्र तसेच राही. काही दिवसांनी स्कॅनमध्ये बाधित उपकरणांची संख्या अचानक कोसळली, तेव्हा अनेकांना हायसे वाटले. प्रत्यक्षात विशिष्ट हेडर असल्याशिवाय उत्तरच द्यायचे नाही, असा बदल हल्लेखोरांनी त्या प्रोग्राममध्ये केला होता.

म्हणून पॅचचे काम चालू असतानाच वापरकर्त्यांची यादी, एसएसएच की आणि चालू कॉन्फिगरेशन जुन्या बॅकअपशी ताडून पाहावे, लॉग उपकरणाबाहेरच्या सिसलॉग सर्व्हरवरून (लॉग गोळा करणाऱ्या वेगळ्या संगणकावरून) वाचावेत, आणि इंटरफेस उघडा राहिलेला असेल तर पासवर्डबरोबर व्हीपीएनच्या सामायिक की व प्रमाणपत्रेही बदलावीत. जानेवारी २०२५ मध्ये फोर्टिनेटच्या १५ हजारांहून अधिक फोर्टिगेट फायरवॉल उपकरणांची कॉन्फिगरेशन इंटरनेटवर फुकट वाटली गेली, आणि ती फोर्टिओएसच्या २०२२ मधील त्याच त्रुटीतून उचललेली होती. मधल्या काळात ज्यांनी पॅच टाकला पण पासवर्ड तेच ठेवले, त्यांचे चालू पासवर्ड त्या फायलींत होते.