दोन राष्ट्रे म्हणायची, तर जमिनीबद्दल बोलायला हवे

इस्रायलच्या लष्करी ताब्यातील वेस्ट बँक या पॅलेस्टिनी प्रदेशात, हेब्रॉन शहराच्या जुन्या बाजारात डोक्यावर तारेची जाळी ताणलेली आहे. वरच्या अंगाला राहणाऱ्या ज्यू वसाहतवाल्यांनी भिरकावलेला कचरा खालच्या पॅलेस्टिनी दुकानदारांच्या अंगावर पडू नये, म्हणून ती बसवावी लागली. जाळीच्या वरच्या माणसाला इस्रायलचा नागरी कायदा लागू होतो आणि खालच्या दुकानदाराच्या शाळकरी मुलाने दगड मारला, तर त्याचा खटला लष्करी न्यायालयात चालतो.

इस्रायलच्या शेजारी स्वतंत्र पॅलेस्टाइन, हा दोन राष्ट्रांचा तोडगा आपले सरकार मानते. १९८८ साली पॅलेस्टाइनला मान्यता देणाऱ्या पहिल्या देशांत भारत होता, १९९२ पासून इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध आहेत, आणि माझ्या मते हे दोन्ही निर्णय योग्यच होते. परंतु दुसरे राष्ट्र ज्या जमिनीवर उभे राहायचे, ती जमीनच हातची जात आहे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातील १९९३ च्या ओस्लो शांतता कराराच्या वेळी, पूर्व जेरुसलेम सोडून, वेस्ट बँकेतील वसाहतींत सुमारे एक लाख दहा हजार लोक राहत होते. आज ही संख्या पाच लाखांच्या घरात आहे.

इस्रायली माणसाच्या जिवाची किंमतही मला तितकीच वाटते. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी गाझातील सशस्त्र पॅलेस्टिनी संघटना हमासने इस्रायलमध्ये सुमारे १,२०० माणसे मारली. गाझातील आजाऱ्यांना स्वतःच्या गाडीतून इस्रायली रुग्णालयांत पोहोचवणाऱ्या, ७४ वर्षांच्या व्हिव्हियन सिल्व्हर त्याच दिवशी गाझाच्या सीमेजवळच्या बेएरी गावातील आपल्या घरी मारल्या गेल्या; त्या ओलीस असतील, या आशेवर घरच्यांनी महिनाभर वाट पाहिली. त्यानंतरच्या युद्धात, तेथील आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे, गाझातील साठ हजारांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांतही मुले किती तरी होती.

असे असताना जून २०२५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १४९ देशांनी युद्धबंदीच्या बाजूने मत दिले, तेव्हा भारत अलिप्त राहिला, याचे मला मनापासून दुःख झाले. सप्टेंबरमध्ये दोन राष्ट्रांच्या घोषणापत्राला आपण पाठिंबा दिला, हे चांगले झाले. पण मधल्या तीन महिन्यांत मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

वेस्ट बँकेतील रामल्ला शहरातून कारभार करणाऱ्या पॅलेस्टिनी नेतृत्वालाही, २००६ नंतर त्यांच्या संसदेची निवडणूक का झाली नाही, हे आपण स्पष्टपणे विचारायला हवे. इस्रायलच्या शस्त्रांचे आपण फार मोठे गिऱ्हाईक आहोत आणि एवढ्या मोठ्या गिऱ्हाइकाचा शब्द सहसा खाली पडत नाही. पुढच्या संरक्षण करारावर सही करण्यापूर्वी नव्या वसाहतींचे बांधकाम थांबवण्याची अट भारताने घालावी आणि ती संसदेत जाहीरपणे सांगावी.